मुखवट्यामागचा माणूस

आजच्या व्याख्यानाचा विषय व्हिडिओ गेम आहे म्हटल्यावर काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या आल्या, त्या मला इथून दिसताहेत. थोडा धीर धरा. गेम हे निमित्त आहे. बोलायचंय ते १४०३ सालच्या बोहेमियाबद्दल, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पश्चिमेकडच्या प्रदेशाबद्दल, आणि शत्रू नावाच्या गोष्टीबद्दल.

‘किंग्डम कम: डिलिव्हरन्स’ हा गेम प्राग शहरातल्या वॉरहॉर्स स्टुडिओनं २०१८ साली काढला. यात राक्षस नाहीत, जादूटोणा नाही. नायक हेन्री हा स्कालिट्झ या चांदीच्या खाणीच्या गावातल्या लोहाराचा मुलगा. त्याला धड तलवार धरता येत नाही. वाचताही येत नाही. पुस्तक उघडलं की पडद्यावर अक्षरांचा नुसता काला दिसतो. एके दिवशी हंगेरीचा राजा सिगिसमंड याचं सैन्य येतं, गाव जाळतं, हेन्रीचे आईवडील मारले जातात. पुढचा सगळा खेळ त्या एका सकाळीतून निघतो.

हेन्री काल्पनिक, पण स्कालिट्झ खरं. १४०३ मध्ये सिगिसमंडच्या सैन्यानं ते खरोखरच उद्ध्वस्त केलं. कारण घरचंच होतं. सम्राट चौथा चार्ल्स १३७८ मध्ये वारला. थोरला मुलगा वेन्सेस्लास बोहेमियाच्या गादीवर बसला. त्याचा सावत्र भाऊ सिगिसमंड १३८७ मध्ये हंगेरीचा राजा झाला. वेन्सेस्लासचं सरदारांशी पटेना. १४०० मध्ये जर्मन राजपद त्याच्या हातून गेलं आणि १४०२ मध्ये खुद्द भावानंच त्याला कैद केलं. मग सिगिसमंडची नजर वळली कुटना होराकडे. खेळात या शहराचं जर्मन नाव येतं, कुटेनबर्ग. तिथल्या चांदीतून १३०० सालापासून प्राग ग्रोशेन हे नाणं पाडलं जाई आणि ते मध्य युरोपभर चाले. ज्याच्या हाती कुटना होरा, त्याच्या हाती राज्याची तिजोरी. भावाभावांच्या भांडणाचं मोल खाणीपाशी राहणाऱ्या लोकांनी मोजलं.

आता पहिल्या भागातले कुमन आठवा. सिगिसमंडच्या फौजेतले हे परके घोडेस्वार. त्यांची बोली हेन्रीला कळत नाही. काहींच्या चेहऱ्यावर लोखंडी मुखवटा. जंगलात दिसले की एक तर पळायचं, नाहीतर मारायचं. खेळणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही, कारण स्कालिट्झ जळताना त्यानं पाहिलेलं असतं. मीही अनेक कुमन मारले, आणि एकाचाही विचार केला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरा भाग आला. प्रदेश मोठा झाला, कुटेनबर्ग शहर गल्लीबोळांसकट उभं राहिलं. हेन्री आता वाचतो. पण मला थबकवलं ते एका आडवळणाच्या प्रसंगानं. मुख्य कथेशी त्याचा फारसा संबंध नाही. चुकला तरी खेळ अडत नाही. ट्रोस्की किल्ल्याच्या मुलुखात फौज सोडून आलेले काही कुमन हेन्रीला भेटतात. एक जण दुभाष्याचं काम करतो. आसपासचे लोक त्यांच्यावर टपलेले. आणि हेन्री, ज्याचे आईबाप याच सैन्यानं मारले तो हेन्री, त्यांच्याबरोबर दारू प्यायला बसू शकतो. बसायचं की तलवार काढायची, हे आपण ठरवायचं. माझा हात माऊसवर बराच वेळ तसाच राहिला.

इथे इतिहासानं पुढे यायला हवं. हे कुमन कोण? काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतले, तुर्की कुळातली भाषा बोलणारे भटके पशुपालक. तेराव्या शतकात मंगोल आले आणि त्यांचं सगळं मोडलं. कोतेन नावाचा त्यांचा सरदार १२३९ च्या सुमारास उरलेसुरले लोक आणि गुरंढोरं घेऊन हंगेरीच्या आश्रयाला आला. राजा चौथा बेला यानं त्यांना ठेवून घेतलं. पण स्थानिकांना ते मंगोलांचे हेर वाटले. १२४१ मध्ये, मंगोल दाराशी असताना, पेस्ट शहरात कोतेनला ठार मारलं गेलं. चिडलेले कुमन वाटेत लुटालूट करत निघून गेले. पुढे बेलानंच त्यांना परत बोलावलं. राहायला जमीन मिळाली, त्या बदल्यात राजासाठी लढायचं. ती चाकरी पिढ्यान्‌पिढ्या चालली.

म्हणजे पाहा: ज्यांनी हेन्रीचं गाव जाळलं, त्यांचे पूर्वज स्वतः जळत्या मुलुखातून पळून आलेले. यानं स्कालिट्झचा गुन्हा धुतला जात नाही. मेलेल्यांना मारणाऱ्याच्या आजोबाची हकीकत ऐकवून काय उपयोग? पण आपल्याला, सहाशे वर्षांनंतर पाहणाऱ्यांना, तिचा उपयोग आहे. हुकूम देणारा वेगळा, चांदी मिळणारा वेगळा आणि शिव्या खाणारा वेगळा, हे तिच्यामुळे दिसतं.

आणखी एक गोष्ट. कुमनांच्या भाषेचा मोठा लेखी ठेवा म्हणजे ‘कोडेक्स कुमानिकस’ हे हस्तलिखित. ते आज व्हेनिसमध्ये आहे. त्यात शब्दसूची आहेत, ख्रिस्ती प्रार्थना आहेत, कोडीही आहेत. पण ते कुमनांनी लिहिलेलं नाही. व्यापारासाठी आलेल्या इटालियनांनी आणि धर्मप्रसाराला आलेल्या पाद्र्यांनी आपल्या सोयीसाठी केलेली ती वही. इकडे स्कालिट्झमध्ये मेलेल्या लोहाराखाणकामगारांचीही तीच गत. राजांच्या कैदेची नोंद आहे, नाण्यांचा हिशेब आहे, यांची नावं नाहीत. म्हणून तर हेन्री कल्पावा लागला. मारणारा आणि मरणारा, दोघांचीही दौत दुसऱ्याच्या हातात होती.

पहिल्या भागानं मला मरणाऱ्याच्या जागी उभं केलं. ते सोपं होतं, दुःख आपलंच वाटतं. दुसऱ्या भागानं समोरच्याचा मुखवटा काढला, आणि ते अवघड गेलं. गेमनं इतिहास शिकवला असं मी म्हणणार नाही. कोतेनचं नाव मला खेळात भेटलं नाही, पुस्तकात शोधावं लागलं. पण शोधायला उठवलं त्या दारूच्या बैठकीनं.

मी काय निवडलं, हे विचारणार आहात ना? बसलो. प्यायलोही. पण खरं सांगतो, तलवार कमरेला ठेवूनच.

आता प्रश्न घेऊ.