अलिझे : पाणबुडीच्या मागावरचं विमान

धारवाडहून अळणावर, रामनगर, अनमोड घाट, फोंडा असं करत बोगमाळोला पोचायचं म्हणजे सकाळी लवकर निघावं लागतं. तिथे दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. लोक बहुतेक सुपर कॉन्स्टलेशनपाशी नाहीतर सी हॅरिअरपाशी फोटो काढतात. बाजूला पंख मिटता येणारं, एका पंख्याचं, जरा बेढब दिसणारं विमान उभं असतं, त्याच्याकडे कोणी फारसं फिरकत नाही. ते ब्रेगे कंपनीचं अलिझे. फ्रेंचमध्ये अलिझे म्हणजे व्यापारी वारे. माझी नोकरी यंत्रांत गेली, त्यामुळे मी तिथेच तासभर रेंगाळलो.

पोटाखाली रडारचा घुमट आहे, हवा तेव्हा खाली सोडायचा, नको तेव्हा आत ओढायचा. चाकं ज्या फुगीर कोशात जातात त्यांच्या पुढच्या भागात सोनोबॉय, म्हणजे पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकणारी उपकरणं. पोटात टॉर्पेडो किंवा डेप्थ चार्ज, आणि पंखांखाली रॉकेटं. आत तीन माणसं. हे सगळं एका रोल्स-रॉईस डार्ट इंजिनावर.

आता पाणबुडी पाण्याखाली आणि रॉकेट हवेतून, मग त्याचा उपयोग काय? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर १९४३ सालात आहे. तोवर विमानाला पाणबुडीच्या अगदी डोक्यावरून खाली उडत डेप्थ चार्ज टाकावे लागत, आणि जर्मन यू-बोटी पृष्ठभागावर राहून उलट तोफा झाडू लागल्या होत्या. ब्रिटिशांनी मग तीन इंची नळीच्या रॉकेटला २५ पौंडांचं भरीव पोलादी टोक बसवलं. त्यात स्फोटक नाहीच. गंमत अशी की नेम थोडा अलीकडे पडला तरी चालायचं : पाण्यात शिरलेलं टोक वरच्या बाजूला वळत जाऊन पाणबुडीचं कवच पाण्याखालीच भोकसायचं. भोक पडलेल्या पाणबुडीला बुडी मारता येत नाही, एवढंच पुरे असतं. २३ मे १९४३ रोजी ‘आर्चर’ या नौकेवरच्या एका कापडी पंखांच्या, दुपंखी स्वोर्डफिशने अटलांटिकमध्ये यू-७५२ला असंच गाठलं. पाचच दिवसांनी भूमध्य समुद्रात एका हडसन विमानाने यू-७५५ बुडवली.

पण हे जमलं कारण त्या काळच्या पाणबुडीला बॅटऱ्या भरायला वर यावंच लागे. डिझेल इंजिनाला हवा लागते. पुढे स्नॉर्केल आलं. नुसती नळी वर काढायची, बाकी सगळं पाण्याखाली. रॉकेटला लक्ष्यच उरलं नाही. भारतीय नौदलाने अलिझे घेतली तेव्हा, १९६१ साली, ‘कोब्रा’ नावाचं ३१० क्रमांकाचं स्क्वाड्रन उभं राहिलं, त्यात रॉकेटं होती खरी, पण माझ्या मते या विमानाचं खरं हत्यार रडार आणि चिकाटी हीच होती.

त्याची परीक्षा १९७१ साली झाली. ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले, त्यामुळे वेग कमी, आणि तिला शोधायला निघालेली ‘गाझी’ विशाखापट्टणमपाशी बुडाली. ‘विक्रांत’वरच्या अलिझेंनी पूर्वेला बंदरांवर रात्रीचे हल्लेही केले. पश्चिमेला मात्र विमानवाहू नौका नव्हती. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पुढचे चार दिवस जहाजं, सी किंग हेलिकॉप्टरं आणि अलिझे ‘हँगोर’ला हुडकत होती. ती निसटली.

काही लेखांत याला अलिझेचं अपयश म्हटलेलं आढळतं. मला ते पटत नाही. ‘हँगोर’ फ्रेंच बनावटीची, जेमतेम दोन वर्षं वापरातली दाफ्ने वर्गाची पाणबुडी होती. खोल पाण्यात गेल्यावर तिला शोधणं त्या वेळच्या साधनांना जडच होतं. आणि १० डिसेंबरला काय झालं ते पाहा. गस्तीवरच्या एका अलिझेला पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरने गाठलं. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या त्या विमानापुढे ताशी चारशे-पाचशे किलोमीटरचं अलिझे म्हणजे बैलगाडीच! पंखाखालची रॉकेटं इथे काही कामाची नाहीत. पाणबुडी शोधणारं विमान खाली, एकटं, रडार चालू ठेवून फिरतं. त्याचं कामच तसं आहे. त्याच्यावर छत्र धरायला लढाऊ विमान हवं, आणि ते त्या दिवशी नव्हतं. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन सहकारी परत आले नाहीत.

‘खुकरी’चं स्मारक दीवला आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवलेली. बोगमाळोला निघण्यापूर्वी मी पुन्हा अलिझेच्या कॉकपिटकडे पाहिलं. पुढे दोन जागा, मागे रडारवाल्याची तिसरी, इतकी अरुंद की सहा तास तिथे बसायचं कसं, हे मला काही केल्या समजेना.