खोडदला फोन बंद का करायला लावतात

पेट्रोल पंपावर मोबाईल नको म्हणतात तो आग लागेल या धास्तीने. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी फोन बंद करायला लावतात, तेव्हा पाहुणे तोच अर्थ घेतात आणि चार पावलं मागे सरकतात. अहो, भिऊ नका. तुम्हाला काही होणार नाही, पण दुर्बिणीला ऐकू येईनासं होईल. दुर्बिणीला लागणाऱ्या या शांततेचा पहिला त्रास मोबाईलवाल्यांना नव्हे, आम्हा वायरमन लोकांना झाला, म्हणून तिची हकीकत सांगायला बसलो.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली कल्याणला ३२ लहान तबकड्या उभ्या केल्या होत्या. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. ऐंशीच्या दशकात त्याहून मोठं काही करायचं ठरलं आणि जागेचा शोध नारायणगावच्या पूर्वेला खोडदला येऊन थांबला. आजूबाजूला डोंगरांचा आडोसा, पुण्या-मुंबईची रेडिओ-टीव्ही केंद्रं लांब, कारखाने नावाला. तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या नारायणगावाशेजारी कोणी शांतता शोधत यावं याची गंमत वाटते, पण त्यांना हवी होती ती रेडिओलहरींची शांतता. ढोलकीची अडचण नव्हती.

पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या किलोमीटरभरात आणि सोळा तीन फाट्यांवर, थेट पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. तबकडीचा पृष्ठभाग म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादी तारेची जाळी. वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीसाठी सरकारने १९५८ मध्ये सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा शांत पट्टाच जाहीर केला. आपल्याकडे टोमॅटो, कांदा, द्राक्षबागा, वस्त्या, सगळं दुर्बिणीच्या पोटातच. कुंपण घालणार तरी कुठे?

मोबाईल देशात आला १९९५ मध्ये, आणि आमच्या भागात तर त्याच्याही बऱ्याच नंतर. तोवर दुर्बिणीला छळत होत्या त्या आमच्या तारा. अकरा केव्हीच्या लाईनवर जंपर ढिला झाला, इन्सुलेटरला तडा गेला किंवा त्यावर धूळ साचून दव पडलं, की बारीक ठिणगी उडत राहते. वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे ठिणगी सेकंदाला शंभर वेळा. पूर्वी रेडिओवर मीडियम वेव्ह लावली की खरखर यायची, तीच ही. ग्राहकाचे दिवे चालू असतात, तक्रार कोणाचीच नाही, मग वायरमन खांबावर चढणार कशाला? पण दुर्बिणीची माणसं हातात एरियल घेऊन जीपमधून यायची, एकेका खांबावर रोखून कान लावायची आणि बोट दाखवायची. आम्ही वैतागायचो, हे खरं. पण परमिट घेऊन वर चढलं की बहुतेक वेळा बाइंडिंग वायर काळी पडलेली सापडायचीच. आज ना उद्या तिथेच लाईन तुटली असती.

मग मोबाईल आला. टॉवर निदान दिसतो, त्याच्या कंपनीशी बोलता तरी येतं. खिशातल्या फोनचं काय करणार? शाळेची पोरं म्हणतात, सर, सायलेंटवर टाकलाय. सायलेंट आपल्या कानांना. फोन मात्र मधूनमधून टॉवरला हजेरी देतच राहतो. आकाशातून येणारा आवाज किती क्षीण, तर चंद्रावर एक साधा मोबाईल चालू ठेवला तर तो या दुर्बिणींना आकाशातल्या सर्वांत प्रखर स्रोतांपैकी एक वाटेल. मग पन्नास पावलांवरच्या फोनची काय कथा! त्याची लहर दुर्बीण ऐकत असलेल्या पट्ट्यात नसली तरी जवळून आलेला एवढा जोर ॲम्प्लिफायरला झेपत नाही, आणि बाकीचं ऐकणंही बिघडतं.

२०१९ मध्ये सुधारित दुर्बीण सुरू झाली, तेव्हाचे तिचे पट्टे पाहा: साधारण १२५ ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ. ८५० ते १०५० ही मधली फट कशाने भरलीय, तर ९०० च्या मोबाईलने आणि विमानांच्या यंत्रणांनी. बरं, फोन तरी आपल्या जागी राहिला का? २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला, तो थेट तिसऱ्या पट्ट्याच्या मध्यावर.

यंत्रं चालवणारेही यातून सुटत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं एक गूढ संकेत मिळत होता. २०१५ मध्ये छडा लागला: तिथलेच लोक मायक्रोवेव्ह बंद व्हायच्या आधी त्याचं दार उघडत होते. मला हे वाचून फार बरं वाटलं.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला जत्रा भरावी तशी गर्दी होते. पाहायला बोलवायचं आणि फोन बंद ठेवा म्हणायचं, हे सांभाळणं सोपं नाही, पण गावोगावची पोरं तबकडीखाली उभी राहून मान वर करतात ते पाहिलं की हा खटाटोप हवाच असं वाटतं.

आता वाद रेल्वेचा आहे. पुणे-नाशिक रेल्वेचा आधी ठरलेला मार्ग दुर्बिणीच्या जवळून जातो आणि रेल्वेच्या विजेच्या तारांवरही तशाच ठिणग्या उडतात, म्हणून तो बदलायचं रेल्वेने ठरवलं. तालुक्यातले लोक चिडलेत. इतकी वर्षं रेल्वेची वाट पाहिली आणि ती आता दुसरीकडून जाणार म्हणे. शेतमालाचं भाडं आम्हीच भरतो, तेव्हा हा राग मला कळतो. पण दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मग रूळ थोडे वळवून, मधला भाग झाकून, काही तोड काढता येते का, हे दोन्हीकडच्या इंजिनिअरांनी एकत्र बसून लोकांसमोर मांडावं, एवढंच आमचं मागणं आहे.