रस्ता बंद आहे, हे चालकाला कधी पटतं?

‘बॅरिकेड’ या शब्दाच्या पोटात एक पिंप आहे. फ्रेंच भाषेत ‘बारिक’ म्हणजे पिंप. १२ मे १५८८ रोजी पॅरिसच्या लोकांनी राजाचं सैन्य अडवायला माती-दगडांनी भरलेली पिंपं रस्त्यांत रचली. त्या अडथळ्यावर विश्वास ठेवायची गरज नव्हती. पुढे जाताच येत नव्हतं.

आज आपल्या चौकातलं बॅरिकेड म्हणजे एखाद्या सराफाची जाहिरात मिरवणारी लोखंडी चौकट. ती गाडी थांबवत नाही, थांबायला सांगते. ऐकायचं की नाही, हे चालक ठरवतो.

ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरात ५ जानेवारी १९७५च्या रात्री एक मालवाहू जहाज टास्मान पुलावर आदळलं आणि पुलाचा एक भाग नदीत कोसळला. तुटलेल्या कडेवर एका चालकाची गाडी लटकली. कुटुंबाला बाहेर काढून तो मागच्यांना हात करत राहिला. तरीही दोन गाड्या त्याच्या शेजारून सुसाट गेल्या आणि खाली पडल्या.

त्या चालकांना बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. रोजचा रस्ता आपण डोळ्यांपेक्षा आठवणीने जास्त पाहतो. काल पूल होता, म्हणजे आजही असणार. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, तेव्हा तर सावध करणारं आधी कुणीच नव्हतं. दोन एसटी बस अंधारात नदीत गेल्या. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावरही थांबायला सुमारे ५० मीटर घेते. ओल्या रस्त्यावर त्याहून बरीच जास्त. दिव्यांच्या उजेडात खड्डा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून इशारा खूप आधी हवा.

आणि तो खरा हवा. काम संपून महिना झाला तरी बॅरिकेड तिथेच असतं. बंद पडलेला ट्रक निघून जातो, त्याच्यामागे ठेवलेले दगड आणि झाडाची फांदी मागे राहते. मग एक दुचाकी फटीतून निघते, तिच्या मागे रिक्षा, मग मोटार. ‘रस्ता बंद’ म्हणजे ‘बघा जमतंय का’ हे आपण असंच शिकलो. त्यामुळे गरज संपलेलं बॅरिकेड त्याच दिवशी उचलणं, हे मला नवं लावण्याइतकंच महत्त्वाचं काम वाटतं. पुढचा पूल खरंच तुटलेला असेल, तेव्हा चालकाने त्या चौकटीचं ऐकायला हवं.