४३,००० माणसांमागे एक परिचारिका

परिचारिकांच्या थकव्याचा हिशेब १९४६ सालीच मांडला गेला होता.

नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ब्रिटिश हिंदुस्थानच्या आरोग्यसेवेची पाहणी केली. तिला आढळले, की सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आहे. ब्रिटनमध्ये हेच प्रमाण ३०० लोकांमागे एक होते. सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरसारखी कित्येक गावे एकत्र केली, तरी वाट्याला एकच परिचारिका!

इतका भार पेलताना सेवेतील समाधान आटते, शिणवटा उरतो. समितीने १९७१ पर्यंत ५०० लोकांमागे एक परिचारिका असावी, असे सुचवले.

पुढे भारतीय परिचर्या परिषदेने सर्वसाधारण रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, असे प्रमाण ठरवले. जवळच्या सरकारी रुग्णालयात आज किती खाटांमागे एक परिचारिका आहे, ते मोजून पाहा.