जुन्या गाडीला डिस्क ब्रेक लावताय? आधी हे वाचा

सांगलीत आमच्या घरी पप्पांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मागच्या हिवाळ्यात कासहून परतताना, साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं. पप्पांनी लगेच खालचा गिअर टाकला, म्हणून वाचलो. चूक आमचीच होती: ब्रेक ऑइल चार वर्षं बदललंच नव्हतं.

असं का होतं?
ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. ओल शिरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. मग पेडल दाबलं की नुसती वाफ दबते. त्यात या गाडीला ड्रम ब्रेक, म्हणजे उष्णता आतच कोंडते.

डिस्क लावली की झालं?
नाही. डिस्क लवकर थंड होते, पण तिला दाब जास्त लागतो. मास्टर सिलिंडर ड्रमचाच ठेवला, तर पेडल जड होऊ शकतं किंवा पॅड घासत राहतात. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, म्हणून आधी आरटीओत विचारा.

आम्ही सध्या ऑइल आणि लायनर बदलले, एअर काढली. तुम्हीही सुरुवात इथूनच करा. आणि घाट उतरताना गिअर खालचाच ठेवा!