मेदाचा भार आणि उपहासाचा भार

स्थूल देहाला हसण्याची प्रथा फार जुनी आहे. संस्कृत नाटकातील मोदकप्रिय विदूषकापासून गावच्या तमाशातील सोंगाड्यापर्यंत, मोठे पोट दिसले की श्रोत्यांत हशा पिकतो. हसणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. लठ्ठपणा हा त्या मनुष्याने जिभेचे लाड करून ओढवून घेतलेला दोष आहे, तेव्हा चार शब्द टोचून बोलले तर त्याचेच कल्याण होईल, अशी त्याची मनोमन समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे इतिहासालाच विचारून पाहावे, असा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम आपल्याच घरातील जुने पुस्तक उघडू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोघांचाही विचार केलेला आहे. अतिस्थूलतेची कारणे सांगताना ग्रंथकार अति आहार, गोड व स्निग्ध पदार्थांचे सेवन, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांचा उल्लेख करतो. पण त्याच यादीत तो बीजस्वभाव हेही एक कारण देतो. म्हणजे आईबापांकडून आलेल्या देहप्रकृतीचा वाटा त्याने मान्य केला आहे. शिवाय अतिशय भूक आणि अतिशय तहान यांची गणना तो स्थूलाच्या पीडांमध्ये करतो. ज्या भुकेला जग हावरेपणा म्हणते, तिला हा वैद्य व्याधीचे लक्षण म्हणतो, हा भेद लहान नाही. इ. स. १९९४ मध्ये न्यूयॉर्क येथील जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या द्रव्याचे जनुक सापडले आणि शरीरातील मेद स्वतःच मेंदूला भुकेविषयी निरोप पाठवीत असतो, हे उघड झाले. जुन्या वैद्याच्या त्या निरीक्षणाला अशा रीतीने आधुनिक शास्त्राचीही पुष्टी मिळाली.

आता आपण इंग्लंडात जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडन शहरात विल्यम बँटिंग नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ राहत असत. अंत्ययात्रांची सर्व व्यवस्था पाहणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय. राजघराण्यातील अंत्यविधींची कामेही याच पेढीकडे असत. १८५२ साली निघालेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या भव्य अंत्ययात्रेची व्यवस्थाही तिनेच केली होती. माणूस उद्योगी, नेमस्त, कष्टाला न भिणारा. आळशी किंवा खादाड म्हणून त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू शकले नसते. तरीही तिशी उलटल्यानंतर त्यांचे शरीर फुगू लागले ते थांबेना. साठी ओलांडेपर्यंत अशी अवस्था झाली की, खाली वाकून बुटाचे बंद बांधता येईनात, आणि जिना उतरताना गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून पाठमोरे, एकेक पायरी उतरावे लागे.

बँटिंग यांनी उपाय कमी केले नाहीत. एका वैद्याच्या सल्ल्याने ते रोज पहाटे नदीवर नाव वल्हवू लागले. स्नायू बळकट झाले, पण त्याबरोबर भूकही अशी भडकली की, वजन उलट वाढले. मग घोड्यावरची रपेट झाली, समुद्रकाठची हवा झाली, औषधी झऱ्यांचे पाणी झाले, तुर्की पद्धतीची बाष्पस्नाने झाली. बाटल्या रिकाम्या झाल्या, पण पोट रिकामे झाले नाही. या सर्वांहून अधिक लागला तो लोकांचा उपहास. सार्वजनिक सभेत, गाडीत, रस्त्यावर लोक आपल्याकडे पाहून टोमणे मारतात आणि म्हणून अशा ठिकाणी जाणेच आपण शक्यतो टाळतो, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. हा उल्लेख महत्त्वाचा आहे. तीस वर्षे चाललेल्या या उपहासाने बँटिंग यांचे वजन औंसभरही कमी केले नव्हते. त्याने त्यांना घरात कोंडले, एवढेच.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये, कमी ऐकू येऊ लागल्याची तक्रार घेऊन ते विल्यम हार्वे या कर्णवैद्याकडे गेले. हार्वे यांनी पॅरिस येथे क्लॉद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाची यकृत व शर्करा यांसंबंधीची व्याख्याने ऐकली होती. त्यांनी रोग्याला दोष दिला नाही. त्याच्या ताटात काय असते, ते विचारले. पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे हे पदार्थ वर्ज्य करावयास सांगून त्यांनी मांस, मासे, भाज्या व फळे यांचा आहार ठरवून दिला. यातील मर्म असे की, दिवसाकाठी अनेक वेळा खाण्याची मोकळीक होती. उपाशी राहावयाचे नव्हते. त्या वेळी पाच फूट पाच इंच उंचीच्या या गृहस्थांचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो होते. एका वर्षाने ते १५६ पौंडांवर आले. कमरेचा घेर १२ इंचांहून अधिक घटला. वर्षाला ४६ पौंड म्हणजे आठवड्याला पुरता एक पौंडही नव्हे. ही गती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८६३ मध्ये बँटिंग यांनी आपला अनुभव ‘स्थूलतेविषयी जनतेस उद्देशून पत्र’ या स्वरूपात स्वखर्चाने छापून फुकट वाटला. अंत्यविधी करणाऱ्या माणसाने वैद्यकावर लिहावे, हे पुष्कळ वैद्यांना रुचले नाही आणि त्यांच्यावर टीकाही झाली. पण पत्राच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या नावावरून वजन उतरविणे या अर्थाचे क्रियापदच इंग्रजीत रूढ झाले, आणि स्वीडिश भाषेत तर ‘बांटा’ हा शब्द आजही त्याच अर्थाने वापरला जातो. बँटिंग १८७८ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यानंतर वारले. त्यांचा आहार सर्वांनी जसाच्या तसा उचलावा, असे कोणी म्हणणार नाही; त्यातील मद्य तर आजचा वैद्य प्रथम काढून टाकील. परंतु आपल्या देहाची लाज न बाळगता, सहपीडितांना हात द्यावा म्हणून लिहिलेले हे पत्र आहे, आणि त्याचे खरे मोल त्यात आहे.

दुर्दैवाने जगाने या पत्रातील वर्ज्य पदार्थांची यादी तेवढी घेतली आणि त्यातील धीर सोडून दिला. विसाव्या शतकात झटपट वजन उतरविणाऱ्या आहारांची रीघ लागली. देहाला उपाशी ठेवले म्हणजे मनावर काय गुदरते, याचे उत्तर एका निराळ्याच प्रयोगातून मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धग्रस्त देशांतील उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे शिकण्यासाठी हा प्रयोग होता आणि तरुणांनी तो स्वेच्छेने पत्करला होता. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर ते चिडखोर व उदास झाले. अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांना सुचेना. काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. उपासमार संपल्यावर कित्येकांना पोट भरले तरी तृप्ती वाटेना. धट्ट्याकट्ट्या, निश्चयी तरुणांची ही गत झाली, तर उपासाचा निश्चय चौथ्या दिवशी मोडणाऱ्या गृहिणीला ‘मनोनिग्रह नाही’ असे हिणविण्यात काय न्याय आहे?

व्यायामाच्या बाबतीतही घाईपेक्षा नेमच फळाला येतो. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडो या प्रसिद्ध युरोपीय मल्लाच्या पद्धतीने अनेक वर्षे मेहनत केली होती. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि १९५१ साली निधन होईपर्यंत त्यांचे नाव नमस्कारांशी जोडलेले राहिले. यंत्र नको, मोठी जागा नको, खर्च नको. म्हणून राजाला व शाळेतील पोराला हा व्यायाम सारखाच साधतो, हे त्यांनी ओळखले व आपल्या संस्थानातील शाळांतून तो सुरू केला. इकडे लंडनमध्ये १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. चालकांच्या गणवेशातील विजारींचे कंबरेचे मापही वाहकांपेक्षा मोठे भरले. वाहक काही तालमीत जात नव्हते. जिना हीच त्यांची तालीम होती, आणि ती एकही दिवस चुकत नव्हती.

बँटिंग यांच्या पत्राला बरोबर शंभर वर्षे झाली, त्या १९६३ साली न्यूयॉर्क येथे जीन निडेच या बाईंनी ‘वेट वॉचर्स’ ही संस्था काढली. आरंभ अगदी घरगुती होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्यासारख्याच काही मैत्रिणींना घरी बोलावले होते, ते आपापल्या खाण्याच्या खोडी एकमेकींना निःसंकोचपणे सांगता याव्यात म्हणून. जे दुःख एकटीने लपवावयाचे, ते चौघींत उघडे करता आले, हेच तेथील मोठे औषध ठरले. याच्या उलट बाजूचा पुरावा २०१४ मध्ये लंडन विद्यापीठातील संशोधकांनी पुढे आणला. पन्नाशीपुढील सुमारे ३,००० स्त्रीपुरुषांच्या चार वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वजनावरून आपल्याला हीनपणाची वागणूक मिळते, असे सांगणाऱ्यांचे वजन सरासरी जवळजवळ एक किलोने वाढले होते. इतरांचे थोडे उतरले होते. एकाच पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तरी टोमण्यांनी मनुष्य सडपातळ होतो, या लोकसमजुतीला तिच्यात काडीचाही आधार सापडत नाही.

वजनाच्या आकड्यालाही आपण नको तेवढा मान देतो. रेल्वे स्थानकावरील यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावर एका बाजूस वजन व दुसऱ्या बाजूस भविष्य छापलेले असे. पुष्कळ लोक वजनालाच भविष्य समजतात. उंचीच्या वर्गाने वजनास भागण्याचे जे गणित आज सर्वत्र वापरतात, ते बेल्जियमचे ॲडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले, ते समाजातील सरासरी मनुष्याच्या अभ्यासासाठी. एकेका माणसाची परीक्षा घेण्यासाठी नव्हे. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापले. या गणिताने दोघांचा आकडा एकच, २२.३, पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. तेव्हा आपल्याकडील सडपातळ दिसणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये, आणि स्थूल दिसणाऱ्याला पाहताक्षणी अपराधी ठरवू नये. २००६ साली चेन्नईच्या संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांची पाहणी प्रसिद्ध केली. रोज चालणे आणि आहारात संयम यांमुळे मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात विशेष घट न होता. म्हणजे काटा हलला नाही तरी सवयीचे पुण्य वाया जात नाही.

मग आपण करावे काय? चरकाकडेच पुन्हा वळू. स्थूलता घालविण्यासाठी व्यायामादी उपाय क्रमाक्रमाने वाढवावेत, असे तो सांगतो. आणि अन्यत्र, वाईट सवय एकदम न तोडता चतुर्थांशाचतुर्थांशाने सोडावी व तिच्या जागी चांगली सवय त्याच क्रमाने आणावी, असा नियम घालून देतो. चहातील साखर आज चमचाभर असेल तर ती पाऊण चमचा करावी. जेवणानंतर लगेच आडवे होण्याची सवय असेल तर गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारावी. पूर्वीचे दुखणे किंवा मधुमेह असेल त्याने वैद्याला विचारून आरंभ करावा. एखादा दिवस नेम चुकला तर स्वतःला दूषणे न देता दुसऱ्या दिवशी तो पुन्हा धरावा.

आणि घरच्या मंडळींचेही काही कर्तव्य आहे. पंगतीत ‘आमची शपथ आहे’ म्हणून आग्रहाने जिलबी वाढावयाची, आणि हात धुऊन ओसरीवर आल्यावर त्याच पाहुण्याच्या पोटाची थट्टा करावयाची, हा आपला दुटप्पीपणा आपण आता सोडला पाहिजे. बडोदे असो, इंदूर असो की बेळगाव, आग्रहाचा हा सोहळा मराठी माणसाने जेथे गेला तेथे नेलेला आहे. आग्रह करावयाचाच तर संध्याकाळी बरोबर फिरावयास चला, असा करावा. त्यात प्रेमही राहते आणि पाहुण्याच्या जिवावर ते बेततही नाही.