साठीनंतरचा हप्ता : गिरणगावातल्या घराचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण १९८२ च्या संपापाशी थांबलो होतो. आज त्याच्या पुढचं, जरा वेगळ्या बाजूने. संपात कोण जिंकलं, कोण हरलं, यावर पुष्कळ बोललं गेलंय. मी आज एका साध्या प्रश्नावर बोलणार आहे. ज्याचा पगार तिशीत बंद झाला, त्याने साठीत घराचा हप्ता कसा भरायचा?

आधी थोडं मागे जाऊ. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली. तिथून पुढे कामगार आणि कर्ज ही जोडी कधी सुटली नाही. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने नोंदवलं, की बहुतेक औद्योगिक शहरांत किमान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे. कारण उधळेपणा नव्हता. पगार उशिरा मिळायचा, बदली कामगाराला रोज काम मिळेलच याची खात्री नसायची, आणि मधले दिवस वाण्याच्या उधारीवर निघायचे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या कर्जात घर नव्हतं. कामगार चाळीत भाड्याने राहायचा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळपास १९४० च्या पातळीवर गोठवली. खोली दहा बाय बाराची, संडास सामायिक, पण म्हातारपणी डोक्यावरचं छप्पर काही रुपयांत टिकायचं. खरं सांगायचं तर ती खोली हीच त्याची निम्मी पेन्शन होती.

पेन्शनचंही बघू. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा, आणि तो लागू झालेल्या पहिल्या सहा उद्योगांत कापड उद्योग होता. म्हणजे निवृत्तीला एकरकमी पैसे मिळणार. दरमहा पेन्शन देणारी योजना मात्र आली नोव्हेंबर १९९५ मध्ये. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले हजारो पुन्हा आत गेलेच नाहीत. ज्याची नोकरी १९८३ मध्ये गेली, त्याच्यासाठी बारा वर्षांनी आलेली ही योजना काय कामाची? जे टिकले त्यांची पेन्शन तुटपुंज्या पगारावर मोजली गेली. किमान १,००० रुपये पेन्शन ठरली, तीसुद्धा २०१४ मध्ये.

आता घराकडे या. १९९१ च्या विकास नियमावलीत, कलम ५८ मध्ये, गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे ठरले होते : एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची झाली. बांधकामाखालची जमीन बाजूला निघाली, साहजिकच घरांसाठीचा वाटा आटला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल कायम ठेवला. तरीही संघटनांनी पाठपुरावा सोडला नाही आणि २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. बाजारभावाच्या मानाने फारच कमी, यात वाद नाही.

पण हिशेब करू. समजा घरच्यांनी दागिने मोडून, गावची जमीन विकून अडीच लाख उभे केले. उरले पाच लाख. दहा वर्षांची मुदत, दहा टक्के व्याज, तर हप्ता येतो महिन्याला साधारण ६,६०० रुपये. हजाराच्या पेन्शनच्या साडेसहा पट! वर सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. १९८२ मध्ये तीस वर्षांचा असलेला माणूस २०१२ मध्ये साठीला आला होता. आपल्याकडचं गृहकर्ज १९७७ नंतर रुळलं ते पगाराच्या पावतीवर आणि निवृत्तीपूर्वी फिटेल अशा मुदतीवर. या माणसाकडे पावतीही नव्हती आणि मुदतही.

मग मार्ग कोणता? बहुतेक घरांत एकच : मुलगा. कर्ज मुलाच्या पगारावर, घर वडिलांच्या हक्कावर. म्हणजे बापाच्या घामाचा मोबदला मुलगा फेडतोय! आणि ज्याला कमावता मुलगा नाही, त्याला घर लागूनही घेणं कठीण. तिथेच दलाल उभे राहतात. यात बायकोचं नाव कागदावर आहे का, हेही विचारायला हवं. हप्ता फिटेपर्यंत अनेकदा तीच मागे उरते.

कोणी म्हणेल, रिव्हर्स मॉर्गेज आहे ना? ती योजना आपल्याकडे २००८ च्या सुमाराला आली. पण ती ज्याचं घर आधीच कर्जमुक्त आहे त्याच्यासाठी. इथे अडचण नेमकी उलटी आहे.

दुसरं काही शक्य होतं का? होतं. याच गिरणगावात १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तारण नाही, पावती नाही, अशा बायकांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळालं. म्हणजे कर्जाचा नियम माणसाकडे बघून बदलता येतो, हे इथे सिद्ध झालेलं होतं. घरांच्या वेळी किंमत ठरवतानाच हप्ता कोणाच्या उत्पन्नातून जाणार हे विचारलं असतं, तर मुदत, व्याज आणि सुरुवातीची रक्कम वेगळी ठरवता आली असती.

२०२० मध्ये पुन्हा ३,८९४ घरांची सोडत निघाली, किंमत साडेनऊ लाख. तेव्हा तोच कामगार अडुसष्टचा होता. पुढची सोडत निघेल तेव्हा किती घरं, एवढंच विचारू नका. हप्ता किती आणि भरणार कोण, हेही विचारा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.